आजचं चिंतन : परशुरामाचा डोंगर आणि राग (गीता अध्याय २, श्लोक ६२-६३)

॥ श्रीराम ॥

आजचे दोन श्लोक म्हणजे घसरगुंडीच. एखादी गोष्ट मनात घोळत राहते, तिची ओढ लागते, ओढीतून इच्छा, इच्छेतून राग, आणि शेवटी बुद्धीच जागेवर राहत नाही. सकाळी रेवस बंदरावर भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचची वाट बघत हे वाचलं आणि ब्रह्मेंद्रस्वामी आठवले. त्यांच्या मनातलं एक युद्ध आमच्या रेवसजवळच संपलं होतं.

स्वामींचं मूळ नाव विष्णू. घर सोडून ते काशीला गेले, संन्यास घेतला आणि पुढे चिपळूणजवळ परशुरामाच्या डोंगरावर येऊन राहिले. खाली वासिष्ठी, वर दाट झाडी आणि मोडकळीला आलेलं देऊळ. ते त्यांनी पुन्हा उभं केलं. आजही गेलात तर बघा : दगडी बांधणी, वर मुसलमानी धाटणीचे घुमट, आणि गाभाऱ्यात काळ, परशुराम, काम अशा तीन मूर्ती. कान्होजी आंग्रे स्वामींचे भक्त होते. जंजिऱ्याच्या सिद्दीनेही देवस्थानाला गावं दिली होती. म्हणजे समुद्रावर एकमेकांशी भांडणारे या डोंगरावर मात्र हात जोडायचे!

मग एका हत्तीवरून वाद पेटला. १७२७ च्या महाशिवरात्रीला सिद्दी सातने देऊळ लुटलं, मोडलं. स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला गेले. शाहू महाराज, बाजीराव, चिमाजीअप्पा सगळे त्यांना मानणारे. सिद्दीचं पारिपत्य करा, हा धोशा स्वामींनी पत्रांतून लावून धरला. संन्यासी असूनही ते मोठमोठी कर्जं द्यायचे आणि वसुलीचा तगादाही लावायचे. बाजीरावही त्यातून सुटले नाहीत.

१९ एप्रिल १७३६ ला रेवसजवळ चरईच्या लढाईत चिमाजीअप्पांच्या फौजेने सिद्दी सातला मारलं. नऊ वर्षांचा हिशेब पूर्ण झाला. स्वामी आणखी नऊ वर्षं जगले. धावडशीला त्यांनी भार्गवरामाचं देऊळ बांधलं आणि १७४५ मध्ये तिथेच देह ठेवला.

त्यांना दोष देणारा मी कोण? देवस्थान लुटलं गेलं तर न्याय मागायलाच हवा. पण देऊळ बांधणारा माणूस नऊ वर्षं एकच जखम उराशी धरून बसतो, तेव्हा मला त्यात मीच दिसतो.

चार वर्षांपूर्वी ऑफिसात माझं काम दुसऱ्याने स्वतःच्या नावावर खपवलं. तेव्हा लिहिलेला एक जळजळीत ईमेल अजून माझ्या ड्राफ्टमध्ये होता. पाठवायचा नव्हता, पण लाँचमध्ये बसलं की अधूनमधून उघडून वाचायचो, दोन शब्द आणखी धारदार करायचो. श्लोकातली पहिली पायरी म्हणजे हेच घोळवणं. राग नंतर येतो हो, आपण त्याला आधी रोज पाणी घालतो.

आज लाँच सुटायच्या आत तो ड्राफ्ट डिलीट केला. राग गेला, असं म्हणणार नाही. पाणी घालणं थांबवलंय, एवढंच.

आजचा अभ्यास : तुमच्या मनाच्या ड्राफ्टमध्ये काय पडून आहे? आज एकदा तरी ते न उघडता दिवस काढून बघूया.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥