छातीवरचे ‘भूत’ आणि झोपेचा अभ्यासक

मध्यरात्री जाग येते. खोली ओळखू येते. पण हात हलत नाही, शब्द फुटत नाही आणि छातीवर कुणी बसल्याचा भास होतो. गोराईच्या कोळीवाड्यात असो वा बोरिवलीतील बहुमजली इमारतीत, या अनुभवाने माणूस हादरतो आणि दोष बहुधा भुताखेतांना दिला जातो. वैद्यकात यास ‘स्लीप पॅरालिसिस’ म्हणतात. त्याचा उलगडा ज्या संशोधनातून झाला, त्याचा पाया नॅथॅनिअल क्लाइटमन यांनी घातला.

क्लाइटमन यांचा जन्म १८९५ मध्ये तत्कालीन रशियन साम्राज्यातील किशिनेव येथे एका ज्यू कुटुंबात झाला. १९१५ मध्ये ते रिकाम्या खिशाने न्यूयॉर्कला पोहोचले. १९२३ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि तेथेच झोपेच्या अभ्यासाला वाहून घेतले. झोप म्हणजे मेंदूचा निव्वळ विसावा, असे मानले जाण्याच्या त्या काळात हे धाडसच होते. १९३८ मध्ये ते ब्रूस रिचर्डसन या विद्यार्थ्यासह केंटकीतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. दिवस २४ ऐवजी २८ तासांचा करून पाहायचा होता. तरुण विद्यार्थ्याला ते जमले. गुरूंचे शरीर मात्र जुन्याच घड्याळाला चिकटून राहिले.

पुढे युजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याला झोपलेल्या व्यक्तीचे डोळे मिटल्या पापण्यांआड वेगाने फिरताना आढळले. क्लाइटमन यांचा त्यावर सहजासहजी विश्वास बसेना. त्यांनी स्वतःच्या मुलीवर पडताळणी केली, तेव्हा कुठे १९५३ मध्ये दोघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. स्वप्ने प्रामुख्याने याच अवस्थेत पडतात, हे त्यानंतर स्पष्ट झाले.

या अवस्थेत शरीराचे स्नायू शिथिल होतात, हे १९५९ मध्ये फ्रान्सच्या मिशेल जूव्हे यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले. स्वप्नातली धावपळ अंथरुणात उतरू नये, अशी ही निसर्गाची व्यवस्था. कधी मेंदू आधी जागा होतो आणि स्नायूंचे कुलूप काही क्षण उघडत नाही. श्वासपटल चालू असते, पण छातीचे स्नायू सैल असल्याने गुदमरल्यासारखे वाटते. अर्धवट स्वप्न डोळ्यांसमोर उभे असतेच. जागरण, पाळीची नोकरी, उताणे झोपणे यांमुळे हे अधिक घडते. शंभरातील सुमारे ८ जणांना आयुष्यात कधी तरी हा अनुभव येतो आणि काही सेकंदांत किंवा एक-दोन मिनिटांत तो आपोआप ओसरतो. तो वारंवार येत असेल आणि दिवसाही झोप अनावर होत असेल, तर मांत्रिकाऐवजी डॉक्टरांकडे जावे.

क्लाइटमन १९६० मध्ये निवृत्त झाले. १३ ऑगस्ट १९९९ रोजी लॉस एंजेलिस येथे वयाच्या १०४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.