परागंदा सूत्रधार : माक्स राइनहार्ट

आपल्या भाषेच्या मुलखापासून दूर राहून वर्षाकाठी एखादे नाटक उभे करणाऱ्या आम्हा मंडळींना माक्स राइनहार्ट याच्याविषयी विशेष जवळीक वाटते. त्याचा व्याप केवढा आणि आमचा केवढा, हे आम्ही जाणतो. परंतु भाषेचा प्रेक्षक मागे राहिला म्हणजे रंगकर्मीच्या वाट्याला काय येते, हे त्याच्या चरित्रात फार ठसठशीतपणे दिसते.

व्हिएन्नाजवळील बाडेन येथे 9 सप्टेंबर 1873 रोजी एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. मूळ आडनाव गोल्डमान. 1894 मध्ये तो बर्लिनच्या डॉइचेस थिएटरात ओटो ब्राम याच्या हाताखाली नट म्हणून दाखल झाला आणि ऐन विशीत म्हाताऱ्यांच्या भूमिकांत नावाजला. पण ब्रामच्या वास्तववादी नाटकांतील त्या करड्या खोल्यांत त्याचे मन रमेना.

1905 च्या जानेवारीत त्याने शेक्सपिअरचे 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' बर्लिनमध्ये सादर केले. रंगविलेल्या पडद्यांच्या जागी फिरत्या रंगमंचावर घडीव झाडांचे अरण्यच उभे राहिले. रंगमंच फिरू लागला की त्या झाडांतून आपणच वाट चुकलो आहोत, असा भास प्रेक्षकांना होई. त्याच वर्षी डॉइचेस थिएटरची सूत्रे त्याच्याकडे आली. हा सारा चमत्कार यंत्राचा होता, असे मात्र कोणी समजू नये. तालमीपूर्वीच तो संहितेच्या पानापानावर प्रत्येक हालचाल, प्रत्येक विराम पेन्सिलीने टिपून ठेवी. नेपथ्याच्या खर्चाने वाकणाऱ्या आमच्या संस्थांनी त्या वह्यांचे स्मरण ठेवावे.

पुढे नाट्यगृहही त्याला अपुरे पडू लागले. सोफोक्लीझचे 'ईडिपस' त्याने 1910 मध्ये बर्लिनच्या सर्कशीच्या रिंगणात नेले आणि 1912 मध्ये तेच लंडनला इंग्रजीत उभे केले. 1911 मध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात झालेले 'द मिरॅकल' तर शब्दांवाचूनचे नाटक होते. 1920 मध्ये साल्झबुर्गच्या कॅथीड्रलसमोरील चौकात हॉफमान्स्थालचे 'येडरमान' झाले आणि तेथील प्रसिद्ध महोत्सवाचा आरंभ झाला. त्यात मृत्यूची हाक मनोऱ्यांवरून येई. अवघे गावच रंगमंच झाले होते.

1933 मध्ये नाझी सत्तेवर आले आणि राइनहार्टने बर्लिन सोडले. त्याच जून महिन्यात ऑक्सफर्डजवळच्या कुरणावर तो विद्यार्थ्यांकडून शेक्सपिअरचे तेच नाटक बसवीत होता. तेथूनच सरकारला पत्र लिहून त्याने आपली नाट्यगृहे जर्मन जनतेच्या स्वाधीन केली. आयुष्याची कमाई एका पत्राने गेली! 1934 मध्ये व्हेनिसच्या एका चौकात त्याने 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' इटालियन भाषेत केले. एका परागंदा ज्यू दिग्दर्शकाने त्या क्षणी शायलॉक उभा करावा, यातील धैर्य आम्हास त्याच्या भव्य प्रयोगांहून मोठे वाटते.

त्याच वर्षी हॉलिवुड बोलच्या उघड्या रंगपीठावर 'मिडसमर' पुन्हा झाले; डोंगरउतारावरून मशाली उतरत आल्या. 1935 मध्ये विल्यम डीटर्लेच्या साथीने त्याचा चित्रपटही निघाला, पण त्याने म्हणावा तसा धंदा केला नाही. यंत्र, अरण्य, मशाली सारे काही अमेरिकेत मिळाले. न बोलताच सारे जाणणारा प्रेक्षक तेवढा मिळाला नाही. 1938 मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या हाती गेला आणि साल्झबुर्गचा त्याचा लेओपोल्ड्सक्रोन वाडाही जप्त झाला.

31 ऑक्टोबर 1943 रोजी न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले. 1946 मध्ये साल्झबुर्गच्या चौकात 'येडरमान' पुन्हा सुरू झाले.