पोट लाइव्ह पाहणारा विद्यार्थी: वॉल्टर कॅननची गोष्ट

समजा, तुम्ही कोथरूडला राहता. कित्येक महिने घास छातीत अडकल्यासारखा वाटतोय, अर्ध्या पोळीतच पोट गच्च होतंय. सोनोग्राफी झाली, एन्डोस्कोपी झाली, सगळे रिपोर्ट नॉर्मल. घरच्यांचं मत ठरलेलं, की तू उगाच टेन्शन घेतोस. मग डॉक्टर तुम्हाला हॉस्पिटलच्या मोटिलिटी क्लिनिकला पाठवतात.

मोटिलिटी म्हणजे पचनमार्गाची हालचाल. एन्डोस्कोपी आतलं अस्तर दाखवते: जखम, सूज, गाठ. पण अन्न पुढे ढकलणारे स्नायू नीट काम करतात का, हे त्यात पुरतं कळत नाही. फोटो आणि व्हिडिओत जो फरक, तोच इथे. आणि हा व्हिडिओ पाहायचं वेड सव्वाशे वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याला लागलं होतं.

वॉल्टर कॅननचा जन्म 19 ऑक्टोबर 1871 चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला. 1896 मध्ये तो हार्वर्डला डॉक्टरकी शिकायला लागला. राँटगेनने एक्स-रे शोधून जेमतेम वर्ष झालं होतं. सगळे हाडांचे फोटो काढत होते. कॅननच्या प्राध्यापकांनी, बोडिच यांनी, त्याला वेगळंच काम दिलं: गिळलेला घास जातो कसा, ते या किरणांनी बघ.

अडचण एकच. अन्न एक्स-रेमध्ये दिसत नाही. म्हणून त्याने अन्नात बिस्मथ हा जड पदार्थ मिसळला. आता पडद्यावर घासाची काळी सावली सरकताना लाइव्ह दिसू लागली. पुढे बिस्मथच्या जागी बेरियम आलं. आजची बेरियम स्वॉलो तपासणी याच कल्पनेवर चालते.

मांजरांच्या जठरात लाटा कशा उठतात हे बघताना त्याला एक गंमत दिसली. मांजर घाबरलं, चिडलं, की लाटा बंद! कुरवाळून शांत केलं, की पुन्हा सुरू. म्हणजे टेन्शनचा पोटावर होणारा परिणाम हा मनाचा खेळ नाही, तो डोळ्यांनी दिसतो. इथूनच तो भीती आणि रागात शरीर कसं बदलतं या अभ्यासाकडे वळला. लढा किंवा पळा ही प्रतिक्रिया त्यानेच जगाला समजावली. शरीर स्वतःचा तोल सांभाळतं, त्याला होमिओस्टॅसिस हे नावही त्याचंच.

1912 साली त्याच्या वॉशबर्न नावाच्या विद्यार्थ्याने नळीला जोडलेला फुगा चक्क गिळला. जठर आवळलं की फुगा दाबला जायचा आणि बाहेर त्याची नोंद व्हायची. आज मॅनोमेट्रीत नाकातून बारीक नळी घालतात आणि तुम्ही पाण्याचे घोट घेताना तिच्यावरचे सेन्सर अन्ननलिकेतला दाब मोजतात. यंत्र नवं, पण दाबावरून हालचाल ओळखायची ही रीत जुनीच.

पण याची किंमत मोठी होती. सुरुवातीला एक्स-रेचा धोका कुणालाच नीट माहीत नव्हता. कॅननचे हात भाजले, पुढे त्वचेचा आजार जडला, तो आयुष्यभर छळत राहिला. त्याचं कारण ते किरणच, असं मानलं जातं. तरीही 1942 पर्यंत तो हार्वर्डमध्ये शिकवत राहिला. 1 ऑक्टोबर 1945 ला तो गेला.

तर मित्रांनो, रिपोर्ट नॉर्मल असूनही त्रास होत असेल, तर तो खोटा ठरत नाही. कदाचित अजून फक्त फोटो काढलाय, व्हिडिओ बघायचा राहिलाय. घास अडकत असेल किंवा वजन उतरत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, पोटाच्या तज्ज्ञांना दाखवा. आणि टेन्शनमुळे होतंय असं कुणी म्हणालं, तर लाजू नका. टेन्शनने पोट खरंच थांबतं, हे कॅननने केव्हाच पाहिलंय.