सफरीतून सेवेकडे : जे. आर. डी. टाटा

आपल्या ताडकळसच्या आकाशातून विमान जाऊ लागले, की मुले खेळ थांबवून वर पाहतात. फ्रान्समधील आर्दलो येथील समुद्रकिनाऱ्यावर एक मुलगा असाच विमाने पाहत असे. त्याचे नाव जहांगीर. पुढे सारा देश त्यांना जे. आर. डी. टाटा म्हणून ओळखू लागला.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी व आई फ्रेंच होती. पंधराव्या वर्षी त्यांनी गंमत म्हणून विमानातून छोटीशी सफर केली. त्या काळी अशी सफर मोजक्याच लोकांना परवडे. आपण वैमानिक व्हायचे, असे त्यांनी त्याच दिवशी ठरवले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला.

१९३० साली भारत व इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने विमान नेण्याची स्पर्धा होती. वाटेत इजिप्तमध्ये त्यांना अस्पी इंजिनिअर हे तरुण स्पर्धक भेटले. स्पार्क प्लग नसल्यामुळे ते अडकून पडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा प्लग त्यांना दिला. बक्षीस अस्पींना मिळाले. जे. आर. डीं.ना त्याचे दुःख झाले नाही.

इंग्लंडची टपाल विमानाने कराचीपर्यंत येई. ती पुढे नेण्याचे काम जे. आर. डीं.नी हाती घेतले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी स्वतः विमान चालवून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणली. अहमदाबादला विमानासाठी इंधन बैलगाडीतून आले होते! जुहूचा तळ पावसाळ्यात पाण्याखाली जाई. तरीही टपाल वेळेवर पोहोचावी, असा त्यांचा आग्रह असे.

१९४६ साली या कंपनीचे नाव एअर इंडिया झाले. ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. १९५३ साली ती सरकारी झाली. तरी १९७८ पर्यंत जे. आर. डी. तिचे अध्यक्ष होते. स्वच्छता, वक्तशीरपणा आणि प्रवाशांची सुरक्षितता यांत ते ढिलाई चालू देत नसत. १९९२ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

आज अंतराळप्रवासाची हीच सुरुवात आहे. २००१ साली डेनिस टिटो हे स्वतःच्या पैशाने अंतराळ स्थानकात जाणारे पहिले प्रवासी ठरले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी भारतातील खासगी कंपनीचे पहिले रॉकेट श्रीहरिकोटा येथून उडाले. ही सफर अजून फक्त श्रीमंतांची आहे. ती सर्वांच्या उपयोगाची व्हायची असेल, तर केवळ पैसा पुरणार नाही. टपालीची एक पिशवीही जबाबदारीने पोहोचवणारी माणसे त्यासाठी हवीत. मुलांनो, तुमच्यापैकी कोणी तशी व्यक्ती होईल का?