तो थुंकत राहिला, नाथ अंघोळ करत राहिले

बांधाचा वाद असो, पाण्याची पाळी असो, नाहीतर ग्रुपवरचा एखादा मेसेज. डोकं फिरायला आपल्याला वेळ लागत नाही. अशा वेळी पैठणच्या एकनाथ महाराजांना आठवावं. वारकरी त्यांना शांतिब्रह्म म्हणतात, ते उगाच नाही.

नाथ सोळाव्या शतकातले. आई-वडील लहानपणीच गेले, आजी-आजोबांनी सांभाळलं. पुढे देवगिरी किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे राहून ते शिकले. गुरूंच्याच सांगण्यावरून पैठणला गिरिजाबाईंसोबत संसार थाटला. म्हणजे नाथांची शांती डोंगरातल्या गुहेतली नव्हती. भरल्या घरातली होती, रोज माणसांत राहून टिकवलेली.

ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नाथ गोदावरीत अंघोळ करून निघाले की एक माणूस अंगावर थुंकायचा. नाथ काही न बोलता परत नदीवर जायचे. एके दिवशी हे 108 वेळा झालं म्हणतात. शेवटी थुंकणाराच दमला आणि त्यानं पाय धरले. नाथांनी उलट त्याचेच आभार मानले. त्याच्यामुळे एका दिवसात इतक्या वेळा गोदास्नान घडलं होतं.

पण शांत माणूस म्हणजे भित्रा माणूस नव्हे. अस्पृश्य मानलेल्या घरातलं पोर तापल्या वाळवंटात रडताना दिसलं, तर नाथांनी ते उचलून कडेवर घेतलं. श्राद्धाचा स्वयंपाक गोरगरिबांना वाढला. गावातले शास्त्री खवळले, वाळीत टाकायची भाषा झाली. नाथांनी कुणाला शिवी दिली नाही आणि आपलं कामही सोडलं नाही. मराठीत भागवत लिहिलं. 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. भारुडांतून ढोंगावर असे कोरडे ओढले की लोक हसता हसता अंतर्मुख झाले. जो राग तोंडातून जायचा, तो त्यांनी कामाला लावला.

घरातही परीक्षा होतीच. मुलगा हरिपंडित वडिलांच्या वागण्यावर रुसून काशीला गेला. नाथ स्वतः जाऊन त्याला समजावून घेऊन आले.

आणखी एक गोष्ट सांगतात. नाथांना चिडवून दाखव, दोनशे रुपये देतो, असं टवाळांनी एका गरजू माणसाला सांगितलं. तो थेट पूजेत बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. जेवताना वाढायला वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवर चढला. नाथांनी त्याला पडू देऊ नका म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, हरी असाच चढायचा, मला सवय आहे. गडी ओशाळला. खरं कारण कळल्यावर नाथ हळहळले. आधी सांगितलं असतंस तर तुझ्यासाठी खोटं खोटं रागावलो असतो, असं म्हणाले.

1599 मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी देह ठेवला. तीच नाथषष्ठी.

आपल्याला 108 अंघोळी जमणार नाहीत. पण राग आला की आधी तांब्याभर पाणी प्यावं, मग उत्तर द्यावं. एवढं तर जमेल.