कुंचल्याचे पाचारण : चित्रकार अँजेलो द फोन्सेका

बारावीचे निकाल लागले की नागपूर शहरातील घराघरांत एकच चर्चा सुरू होते. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळेल काय? अभियांत्रिकीची कोणती शाखा घ्यावी? अशा वेळी घरातील एखादा मुलगा वा मुलगी आपल्याला चित्रकला, संगीत किंवा नाट्य यांतच आयुष्य घालवायचे आहे असे सांगते आणि घरात शांतता पसरते. आईवडिलांचा विरोध बहुधा प्रेमापोटीच असतो. आपल्या लेकराची उद्या उपासमार होऊ नये, एवढीच त्यांची चिंता असते. अशा घरांतील पालकांनी आणि तरुणांनी गोव्यात जन्मलेल्या व पुण्यात कार्य केलेल्या एका कॅथलिक चित्रकाराचे जीवन अवश्य जाणून घ्यावे. त्यांचे नाव अँजेलो द फोन्सेका.

डॉक्टरकीची वाट सोडली

अँजेलो यांचा जन्म 1902 साली गोव्यातील सांतो इस्तेव्ह या बेटावरील गावी, एका सुखवस्तू कॅथलिक घराण्यात झाला. त्या काळी गोव्यातील प्रतिष्ठित ख्रिस्ती कुटुंबांत मुलांची भवितव्ये जणू आधीच ठरलेली असत. एकाने डॉक्टर व्हावे, एकाने वकील व्हावे आणि एकाने धर्मगुरू होऊन घराण्याला भूषण आणावे, अशी साधारण अपेक्षा असे. चित्रकार होणे हा फावल्या वेळेचा छंद मानला जाई. तो कुलीन माणसाचा व्यवसाय होऊ शकतो, हे सहसा कुणाच्या ध्यानीमनीही येत नसे.

त्या रीतीप्रमाणे अँजेलो मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. पश्चिम भारतातील त्या नामांकित महाविद्यालयात मिळालेली जागा म्हणजे सन्मानाची आणि सुरक्षित आयुष्याची हमीच होती. परंतु त्यांचे मन रमले नाही. वैद्यकीय शिक्षण अर्धवट टाकून ते मुंबईच्याच सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. हातची डॉक्टरकी सोडून रंग आणि कुंचला घेणाऱ्या मुलाकडे त्या काळच्या समाजाने कोणत्या नजरेने पाहिले असेल, हे आजच्या पालकांना निराळे सांगण्याची गरज नाही.

जे. जे. मधील शिक्षणाचा साचा युरोपीय होता. हुबेहूब चित्रण, तैलरंग आणि पाश्चात्त्य आदर्श यांवर तेथे भर असे. अँजेलो यांना हवे होते ते तेथेही मिळाले नाही. भारतीय कलेचा शोध घेत ते दूर बंगालमध्ये गेले आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस या थोर कलावंतांचे शिष्य झाले.

बंगालची देणगी

बंगालमध्ये त्यांनी जलरंगाची एक विशेष पद्धत आत्मसात केली. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यास आलेल्या जपानी चित्रकारांच्या सहवासातून अवनींद्रनाथांनी ती घडवली होती. या पद्धतीत कागदावर पातळ रंग देतात, मग चित्र पाण्याने धुऊन वाळू देतात आणि पुन्हा रंग चढवतात. असे थरावर थर देत गेल्यावर चित्राला धुक्यासारखी मृदुता येते. हे काम घाईचे नाही. रंग वाळेपर्यंत थांबावे लागते, धुताना काही रंग जातो ते स्वीकारावे लागते आणि पुन्हा आरंभ करावा लागतो. प्रार्थनेची सवय असलेल्या माणसाला असा संयम परका वाटू नये.

त्याहून मोठी देणगी दृष्टीची होती. आपल्या मातीतील माणसे, वस्त्रे, झाडे आणि प्रकाश यांतूनच कला जन्मते, ही शिकवण गुरूंनी त्यांच्या मनात रुजवली. अँजेलो श्रद्धावंत कॅथलिक होते. साहजिकच त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला : माझा प्रभू येशू आणि माझी पवित्र मरियामाता माझ्या देशाच्या रूपात का दिसू नयेत?

आपल्याच माणसांचा नकार

या प्रश्नाचे उत्तर घेऊन ते 1930 च्या दशकाच्या आरंभी गोव्यास परतले. त्यांच्या चित्रांतील पवित्र मरिया साडी नेसलेली, सावळी, अनवाणी अशी होती. आपल्या खेड्यापाड्यांतील कोणत्याही मातेप्रमाणे तिने बाळाला उराशी धरले होते. आज ही चित्रे पाहताना आपल्याला केवळ प्रसन्न वाटते. परंतु त्या काळच्या गोव्यातील अनेक ख्रिस्ती लोकांना, त्यांत काही धर्मगुरूंनाही, तो पावित्र्यभंग वाटला. त्यांच्यावर कठोर टीका झाली.

हा राग समजून घ्यायचा तर गोव्याचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. पोर्तुगीज राजवटीत ख्रिस्ती होणे आणि पाश्चात्त्य वळण स्वीकारणे या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. 1736 साली इन्क्विझिशनने काढलेल्या आदेशाने ख्रिस्ती लोकांना कितीतरी देशी चालीरीती वर्ज्य केल्या होत्या. पिढ्यानपिढ्या लोकांनी गोऱ्या वर्णाच्या, युरोपीय वस्त्रांतील मूर्तींपुढे गुडघे टेकले, अश्रू ढाळले आणि नवस केले. तेच मरियेचे खरे रूप आहे अशी त्यांची भाबडी समजूत झाली होती. इटलीतील चित्रकारांनी मरियेला इटालियन स्त्रीची वस्त्रे दिली आणि फ्लांडर्समधील चित्रकारांनी तिला आपल्याकडील घराच्या खिडकीशी बसवले. नाझरेथची ती यहुदी कन्या प्रत्यक्षात यांपैकी कुणासारखीच नव्हती. मग हा अधिकार गोव्याच्या चित्रकाराला का नसावा? परंतु हा विचार ऐकून घेण्याची तयारी तेव्हा फार थोड्यांची होती.

परक्यांनी नाकारले तर माणूस ते सोसतो. आपल्या माणसांनी, तेही ज्या श्रद्धेपायी कुंचला हाती घेतला त्या श्रद्धेच्याच नावाने नाकारले, तर ती जखम खोल जाते. अँजेलो यांच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. लोकांना आवडतील अशी युरोपीय धाटणीची चित्रे काढावीत, किंवा चर्चविषयी कडवटपणा धरून धार्मिक चित्रेच सोडून द्यावीत. त्यांनी दोन्ही मार्ग नाकारले. त्यांनी गाव सोडले. ना श्रद्धा सोडली, ना कुंचला.

पुण्यातील आश्रय

पुण्यात शिवाजीनगर भागात ख्रिस्त प्रेम सेवा संघाचा आश्रम आहे. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी 1920 च्या दशकात हा संघ स्थापन केला. साधी राहणी, भारतीय पद्धतीची उपासना आणि सर्वांशी मैत्री ही त्याची वैशिष्ट्ये होती. येथे अँजेलो यांना आश्रय मिळाला. त्या काळी कॅथलिक आणि इतर ख्रिस्ती पंथ यांच्यामध्ये उंच भिंती होत्या. तरीही एका कॅथलिक चित्रकाराला अँग्लिकन आश्रमाने आपले दार उघडून दिले, ही घटना आजही विचार करायला लावणारी आहे. अँजेलो मात्र अखेरपर्यंत कॅथलिकच राहिले.

पुणे हीच त्यांची कर्मभूमी ठरली. शुभवर्तमानातील प्रसंग, संतांची जीवने आणि पवित्र मरियेची असंख्य रूपे त्यांनी येथे रंगवली. त्यांच्या पाठीशी उभे राहणारेही हळूहळू भेटले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन करणारे येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांनी भारतीय ख्रिस्ती कलेचा आग्रहाने पुरस्कार केला आणि अँजेलो यांना उत्तेजन दिले. त्यांची चित्रे युरोपातही पोहोचली. पुढे त्यांचा विवाह झाला आणि पत्नी आयव्ही यांची त्यांना मोलाची साथ लाभली.

डिसेंबर 1963 मध्ये द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. कोणतीही एकच कलाशैली ख्रिस्तसभेची स्वतःची नाही आणि सर्व लोकांच्या व प्रदेशांच्या कलेला तिच्यात स्थान आहे, असा त्यातील पवित्र कलेविषयीचा आशय आहे. जे सांगण्यासाठी अँजेलो यांना गाव सोडावे लागले होते, ते आता ख्रिस्तसभेच्या सर्वोच्च व्यासपीठावरून मान्य झाले. त्यानंतर चार वर्षांनी, 28 डिसेंबर 1967 रोजी, त्यांचे निधन झाले. पुढे आयव्ही यांनी त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या येशूसंघीय संस्थेकडे सोपवला. ज्या भूमीने चित्रे नाकारली त्याच भूमीत ती सन्मानाने परतली. चित्रकाराला मात्र ते पाहता आले नाही.

पाचारण केवळ वेदीचेच नसते

नागपूरच्या कॅथलिकांना या संदर्भात आणखी एका जीवनाची आठवण व्हावी. आपले कॅथीड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे ते संत फ्रान्सिस डी सेल्स हे सव्हॉयमधील एका सरदाराचे ज्येष्ठ पुत्र होते. वडिलांनी त्यांना पॅरिस व पादुआ येथे शिकवले. त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळवली. सिनेटमधील मानाचे पद आणि एका खानदानी कन्येशी विवाह, असा सारा आराखडा वडिलांनी तयार ठेवला होता. मुलाला मात्र धर्मगुरू व्हायचे होते. वडील सहजासहजी राजी झाले नाहीत. मुलाने उद्धटपणा केला नाही आणि मागेही सरला नाही. अखेर वडिलांनी संमती दिली व 1593 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तेही 28 डिसेंबर याच तारखेस, 1622 साली, प्रभूघरी गेले.

संत फ्रान्सिस यांच्या निर्णयाचे आपण कौतुक करतो, कारण त्याला आपण पाचारण म्हणतो. मग एखाद्या तरुणाला चित्रकलेची, संगीताची किंवा शेतीची अनावर ओढ वाटत असेल, तर त्या ओढीलाही हा शब्द का लावू नये? परमेश्वर माणसांना केवळ वेदीकडेच बोलावतो असे नाही. अँजेलो धर्मगुरू झाले नाहीत, पण त्यांच्या चित्रांपुढे उभे राहून कितीतरी लोकांना प्रभू आपल्या घरातला वाटू लागला.

अर्थात प्रत्येक आवड हे पाचारण नसते. ते ओळखण्याची कसोटी अँजेलो यांच्या जीवनातच सापडते. कौतुक, पैसा किंवा लोकांचा आधार नसतानाही जे काम सोडवत नाही, ज्यासाठी पुन्हा शिष्य होऊन शिकण्याची तयारी असते आणि ज्याचा उपयोग आपल्यापुरता न राहता इतरांना होतो, तेथे परमेश्वराची हाक असण्याचा संभव असतो. तरुणांनी ही कसोटी स्वतःला प्रामाणिकपणे लावावी, आणि घरच्यांशी बोलताना संत फ्रान्सिस यांची सौम्यता विसरू नये.

पालकांनीही नकार देण्यापूर्वी थोडे थांबावे, मुलाचे ऐकून घ्यावे आणि त्याच्यासोबत प्रार्थना करावी. मुले ही आपल्या हाती सोपवलेली ठेव आहे. तिच्यावर कोणते चित्र उमटावे हे शेवटी त्या महान चित्रकारानेच ठरवायचे आहे.