कार्बनची साखळी : ऑगस्ट केकुले

रसायनशास्त्राच्या पुस्तकात षट्कोनाची एक आकृती वारंवार आढळते. सहा कोन, सहा बाजू आणि एकाआड एक बाजूला दुहेरी रेषा. हे बेंझिन या द्रवाच्या रेणूचे रचनासूत्र होय. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, ते ऑगस्ट केकुले मात्र घरे बांधण्याचे शास्त्र शिकण्यासाठी घराबाहेर पडले होते.

केकुले यांचा जन्म ७ सप्टेंबर १८२९ रोजी जर्मनीतील डार्मश्टाट येथे झाला. वास्तुशास्त्राच्या अभ्यासासाठी १८४७ मध्ये ते गीसेन विद्यापीठात दाखल झाले. तेथे लीबिग या थोर रसायनशास्त्रज्ञांची व्याख्याने त्यांनी ऐकली आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. कुटुंबीयांना हा बदल सहजासहजी रुचला नाही. परंतु केकुले निश्चयापासून ढळले नाहीत. पुढे पॅरिस व लंडन येथे त्यांनी आपले ज्ञान वाढवले. वास्तुशास्त्र सुटले, तरी रचनेकडे पाहण्याची दृष्टी त्यांच्यापाशी राहिली.

त्या काळी एखाद्या पदार्थात कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू आहेत, हे सांगता येत असे. ते अणू परस्परांना कसे जोडलेले आहेत, हे मात्र कोडेच होते. दोन कार्बन, सहा हायड्रोजन व एक ऑक्सिजन एवढेच अणू घेऊन मद्यार्क हा द्रव बनतो आणि तेवढ्याच अणूंपासून डायमिथाइल ईथर हा वायूही बनतो. विटा त्याच, पण बांधणी निराळी! केवळ अणूंच्या मोजदादीने हा भेद उलगडणारा नव्हता.

१८५८ मध्ये केकुले यांनी दोन गोष्टी मांडल्या. कार्बनची संयुजा चार असते, म्हणजेच त्याचा प्रत्येक अणू चार बंध तयार करतो. तसेच कार्बनचे अणू एकमेकांना जोडले जाऊन साखळी बनू शकते. आर्चिबाल्ड कूपर या स्कॉटिश तरुणानेही त्याच वर्षी, स्वतंत्रपणे, हाच विचार मांडला होता. अणूंमधील बंध रेषांनी दाखवण्याची पद्धतही त्याने वापरली होती. परंतु त्याचा निबंध प्रसिद्ध होण्यास विलंब झाला आणि श्रेय केकुले यांच्याकडे गेले. पुढे कूपरची प्रकृती ढासळली व तो विज्ञानाच्या जगातून दूर झाला. आज या शोधाबरोबर त्याचेही नाव आदराने घेतले जाते.

बेंझिनचे कोडे अधिक अवघड होते. त्याच्या रेणूत सहा कार्बन आणि सहाच हायड्रोजन असतात. सहा कार्बनच्या सरळ साखळीत सर्व बंध एकेरी असतील, तर चौदा हायड्रोजन लागतात. शिवाय बेंझिनमधील एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन आणले असता एकच संयुग मिळे. साखळीत टोकाची जागा आणि मधली जागा सारखी नसते. मग येथे सहाही जागा सारख्या कशा? १८६५ मध्ये, बेल्जियममधील गेंट येथे प्राध्यापक असताना, केकुले यांनी उत्तर दिले : साखळीची दोन्ही टोके जुळून तिचे कडे बनले आहे. कड्याला टोक नसते. षट्कोनाच्या प्रत्येक कोनावर एक कार्बन. एका शेजाऱ्याशी दुहेरी, दुसऱ्याशी एकेरी आणि हायड्रोजनशी एक, असे त्याचे चार बंध पूर्ण होतात.

दोनच वर्षांपूर्वी, १८६३ मध्ये, पुत्रजन्मानंतर अल्पावधीतच त्यांच्या पत्नीचे निधन झाले होते. त्या दुःखातही त्यांचे चिंतन थांबले नाही. शेकोटीपाशी डुलकी लागली असता आपलेच शेपूट तोंडात धरलेला साप स्वप्नात दिसला, अशी आठवण त्यांनी १८९० मध्ये बर्लिनमधील सत्कारप्रसंगी सांगितली. या कथेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. स्वप्न पडले असो वा नसो, त्यामागे अनेक वर्षांचा अभ्यास होता, हे निश्चित.

१८६७ पासून केकुले यांनी बॉन येथे अध्यापन केले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या फांट हॉफ, फिशर व बायर यांना पुढे नोबेल पारितोषिके मिळाली. १३ जुलै १८९६ रोजी केकुले यांचे निधन झाले. कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने हे कडे सपाट व षट्कोनीच असल्याचे सिद्ध केले. त्याच्या सहाही बाजू समान असतात, हेही पुढे स्पष्ट झाले. म्हणून आज षट्कोनात वर्तुळ काढूनही बेंझिन दाखवतात. डोळ्यांना न दिसणारी ही बांधणी केकुले यांनी केवळ प्रयोगांचे निष्कर्ष आणि तर्क यांच्या बळावर ओळखली होती.